जबड्याचा सांधा आणि चेहऱ्याची ठेवण

श्रोतेहो, भाषणास आरंभ करण्यापूर्वीं आपणांस एक लहानशी कृति करावयास सांगतों. दोन्ही हातांच्या तर्जनी दोन्ही कानांच्या भोंकांपुढें, गालावर टेकवा आणि तोंड सावकाश उघडा. बोटांखालीं कांहींतरी हललेलें आपणांस जाणवेल. प्रथम तें जागच्या जागीं फिरेल. तोंड आणखी उघडतांच तें बोटाखालून पुढें सरकेल आणि त्याच्या जागीं एक लहानसा खळगा पडेल. तोंड मिटतांच तो खळगा पुन्हां भरून येईल. शेजारीं कोणी बसलें असेल तर त्यानें हंसूं नये. त्याच्याहि कानापुढें तेंच यंत्र आहे.

मी वैद्य नव्हें. ३४ वर्षें शाळेंत मुलें शिकविलीं. मॅट्रिकपलीकडे माझें शिक्षण नाहीं. परंतु माझी पुतणी दंतवैद्यक शिकली, आणि गेल्या वर्षीं माझ्या तोंडांत कवळी बसविण्याचा प्रसंग आला. त्या निमित्तानें या सांध्याविषयीं मीं कांहीं वाचलें, कांहीं तिला विचारून समजून घेतलें, आणि समजल्यावर माझ्याच एका जुन्या वर्तनाची मला लाज वाटली. तें सर्व आज सांगणार आहें.

खालच्या जबड्याचें हाड घोड्याच्या नालासारखें असतें. नालाचा बाक म्हणजे आपली हनुवटी. नालाचीं दोन्ही टोकें मागें कानाच्या दिशेनें उभीं चढतात आणि प्रत्येक टोकावर एक लहान, गुळगुळीत डोकें असतें. हें डोकें आडवें मोजलें तर १५ ते २० मिलिमीटर रुंद आणि पुढून मागें अवघें ८ ते १० मिलिमीटर जाड, म्हणजे एखाद्या टपोऱ्या चिंचोक्याएवढें भरतें. तें जेथें बसतें ती खळगी कवटीच्या बाजूच्या हाडांत, म्हणजे शंखास्थींत, असते, आणि खळगीच्या पुढच्या अंगास एक उंचवटा असतो. डोकें आणि खळगी यांच्यामध्यें चिवट तंतूंची एक चकती असते. चकतीखालीं डोकें बिजागरीप्रमाणें फिरतें, आणि चकतीला बरोबर घेऊन तें उंचवट्याच्या उतारावरून खालीं घसरतें. तोंड पहिले दोन-अडीच सेंटिमीटर उघडतें तें बहुतांशीं फिरण्यानें; त्यापुढचें उघडणें घसरण्यानें. आपल्या बोटाखालीं खळगा पडला तो या घसरण्यामुळें.

या सांध्याचा आणखी एक विशेष असा कीं, उजवा आणि डावा हे दोन्ही सांधे एकाच हाडाचे आहेत. एक कोपर जखडलें तरी दुसरें खुशाल वाकतें. जबड्याचें तसें नाहीं. एका दाराच्या दोन बिजागऱ्यांपैकीं एक गंजली कीं दुसरीवर ताण आलाच. शिवाय दार जिला टेकतें ती चौकटहि येथें आहे. ती म्हणजे वरचे दांत. म्हणून वरचा जबडा, खालचा जबडा, दांत आणि हा सांधा यांचा हिशेब एकमेकांशीं जुळावा लागतो. चेहऱ्याच्या हाडांची ठेवण निराळी असेल तर सांध्याचा आकारहि निराळा असेल काय, हा प्रश्न येथूनच उत्पन्न होतो.

माणसाकडे येण्यापूर्वीं घरादारांतील प्राण्यांकडे पाहूं. मांजराच्या जबड्याचें डोकें आडव्या लाटण्यासारखें असून तें आडव्या पन्हळींत घट्ट बसलेलें असतें. त्याचा जबडा अडकित्त्यासारखा वरखालीं होतो, बाजूला फारसा सरकत नाहीं. मांस कातरावयास अडकित्ताच हवा. युरोपांतील बॅजर नांवाच्या प्राण्यांत तर ही पन्हळ डोक्याभोंवतीं इतकी वळलेली असते कीं, मेल्यावर मांस झडून गेलें तरी त्याचा जबडा कवटीपासून सहसा सुटत नाहीं. शेळी रवंथ करतांना मात्र नीट पाहावी. तिचा जबडा जात्याच्या वरच्या दगडासारखा आडवा फिरतो. तिची खळगी उथळ आणि डोकें चपटें. उंदराची खळगी पुढून मागें गेलेल्या चरासारखी लांबट असते, कारण कुरतडण्यासाठीं जबडा पुढें आणि चावण्यासाठीं मागें, अशी त्याची सारखी ये-जा चाललेली असते. माणूस कातरतोहि आणि दळतोहि. म्हणून त्याचा सांधा अडकित्ता आणि जातें यांच्यामधला आहे.

हा मधला आकार आपण जन्मतः घेऊन येत नाहीं. नुकत्या जन्मलेल्या अर्भकांत तो पुढचा उंचवटा जवळजवळ नसतोच. खळगी सपाट असते आणि अंगावर पितांना मुलाचा जबडा पुढेंमागें सहज सरकतो. दांत येऊं लागले, चावणें सुरू झालें, कीं उंचवटा वाढूं लागतो. दोन वर्षांच्या सुमारास तो प्रौढाच्या उंचवट्याच्या निम्म्याजवळ येतो, दहाव्या वर्षीं ७० टक्क्यांच्या आसपास आणि विसाव्या वर्षीं ९० टक्क्यांवर जातो. प्रौढांत त्याचा उतार बहुधा ३० ते ६० अंशांच्या दरम्यान असतो. कोणाचा घाटासारखा उभा, कोणाचा गाडीवाटेसारखा सौम्य. आणि दोन्ही माणसें निरोगी.

आतां चेहऱ्याचें माप. १८९९ सालीं अमेरिकेंतील एडवर्ड अँगल यांनीं वरच्या व खालच्या पहिल्या मोठ्या दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून तीन वर्ग पाडले. परंतु दाढा हाडांत सरकूं शकतात, म्हणून दाढांवरून हाडांची परीक्षा पुरती होत नाहीं. १९३१ सालीं अमेरिकेंत ब्रॉडबेंट आणि जर्मनींत हॉफ्राट यांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, डोकें एका चौकटींत ठराविक अंतरावर स्थिर धरून बाजूनें क्ष-किरणचित्र घेण्याची रीत काढली. तेव्हांपासून चेहऱ्याची हाडें पट्टीनें व कोनमापकानें मोजतां येऊं लागलीं. १९५३ सालीं स्टायनर यांनीं मांडलेल्या पद्धतींत नाकाच्या मुळापासून दोन रेषा काढतात. एक वरच्या जबड्याच्या पुढच्या अंगावरील खोलगट बिंदूपर्यंत, दुसरी खालच्या जबड्यावरील तशाच बिंदूपर्यंत. यांमधील कोन सरासरीनें २ अंश धरला जातो. तो बराच मोठा झाला तर खालचा जबडा मागें राहिलेला आहे. शून्याच्या खालीं गेला तर खालचा जबडा पुढें आलेला आहे. भूमिति शिकविणाऱ्या माणसाला ही रीत फार आवडली, हें कबूल केलें पाहिजे. दुसरें माप उभें. खालच्या जबड्याची कड कवटीच्या तळाशीं किती अंशांचा कोन करते, हें पाहतात. सरासरी ३२ अंशांची. कोन मोठा असेल तर चेहरा लांबोडा, लहान असेल तर आखूड व चौकोनी.

सांध्याचें चित्र मात्र बराच काळ स्पष्ट येत नव्हतें, कारण बाजूनें किरण सोडले तर कवटीचीं इतर हाडें त्याच्यावर येऊन पडतात. १९५० सालीं रिकेट्स यांनीं एकेका थराचें चित्र घेण्याची युक्ति या सांध्यासाठीं वापरली. १९९८ सालीं इटलींतील शास्त्रज्ञांनीं दंतवैद्यकासाठीं शंकूच्या आकाराचा किरणझोत डोक्याभोंवतीं फिरवून चित्र घेणारें यंत्र प्रसिद्ध केलें, आणि सांधा तिन्ही मित्यांत पाहतां येऊं लागला. तेव्हांपासून प्रौढ माणसांच्या सांध्यांचीं आणि चेहऱ्यांचीं मापें शेजारीं शेजारीं ठेवण्याचा उद्योग अनेक देशांत झाला आहे.

त्यांतून जें दिसलें तें असें. खालचा जबडा पुढें आलेल्या प्रौढांत खळगी सरासरीनें अधिक रुंद व उथळ असते आणि डोकें लांबट. ज्यांचा खालचा जबडा मागें आहे त्यांत उतार त्या मानानें उभा सांपडतो. लांबोड्या चेहऱ्यांत डोकें लहान, अरुंद व बहुधा मागें कललेलें, उंचवटा सौम्य. आखूड, चौकोनी चेहऱ्यांत डोकें मोठें, भरदार व पुढें वळलेलें. सगळ्या अभ्यासकांचे आंकडे तंतोतंत जुळत नाहींत. कोणाला एक फरक ठळक दिसतो, कोणाला दुसरा. परंतु उभ्या ठेवणीचा आणि डोक्याच्या आकाराचा संबंध पुनःपुन्हां आढळला आहे.

मग सांध्यानें चेहरा घडविला कीं चेहऱ्यानें सांधा? मीं हा प्रश्न पुतणीला विचारला तेव्हां ती म्हणाली, "काका, आधीं कोंबडी कीं आधीं अंडें, हें आधीं ठरवा." थट्टा सोडली तरी प्रश्न कठीणच आहे. पूर्वीं असें मानीत कीं, सांध्याच्या डोक्यावरील कूर्चा वाढते आणि ती सबंध जबड्याला पुढें ढकलते. १९६० नंतर मेलव्हिन मॉस यांनीं याच्या उलट बाजू मांडली. त्यांच्या मतें स्नायू, जीभ व श्वासाची वाट यांच्या गरजेप्रमाणें जबडा पुढें जातो, आणि मागें पडलेली जागा कूर्चा भरून काढते. डेन्मार्कमधील आर्ने ब्यॉर्क यांनीं मुलांच्या जबड्यांच्या हाडांत तांटलम धातूच्या अगदीं बारीक टांचण्या बसविल्या आणि वर्षानुवर्षें त्यांचीं चित्रें घेतलीं. हाडावर थर चढले किंवा झिजले तरी टांचणी जागा सोडीत नाहीं. त्यामुळें जबडा वाढतां वाढतां फिरतो, हें उघड झालें. कोणाचा पुढें व वर, कोणाचा मागें व खालीं. हा कल ओळखण्याच्या सात खुणा त्यांनीं १९६९ सालीं दिल्या. त्यांत पहिली खूण सांध्याच्या डोक्याचा कल ही आहे.

स्नायूंच्या बाबतींत १९८३ सालीं अमेरिकेंत प्रॉफिट व त्यांचे सहकारी यांनीं केलेलें मोजमाप मला फार बोधक वाटलें. लांबोड्या चेहऱ्याच्या प्रौढांचा चावण्याचा जोर सामान्य चेहऱ्याच्या प्रौढांच्या सुमारें निम्मा भरला. यावरून कोणीहि म्हणेल कीं, स्नायू दुबळे म्हणून चेहरा लांब झाला. पण त्यांनीं मुलांचाहि जोर मोजला, तेव्हां लांबोड्या चेहऱ्याचीं मुलें आणि सामान्य चेहऱ्याचीं मुलें यांत कांहीं अंतर निघालें नाहीं. म्हणजे चेहरा आधीं लांब झाला, आणि वयांत येतांना इतरांना जो जोर आला तो त्यांना आला नाहीं. कार्यकारणाचा धडा शिकवितांना हें उदाहरण माझ्यापाशीं असतें तर किती बरें झालें असतें!

सांधा चेहरा घडवितो याचा एक पुरावा मात्र मीं स्वतः पाहिला होता. पाहिला, पण ओळखला नाहीं. १९८९ च्या सुमारास माझ्या सातवीच्या वर्गांत एक मुलगा होता. हनुवटी अगदीं आंत गेलेली. बाजूनें पाहिलें तर ओठाखालून चेहरा सरळ गळ्यांत उतरे. तो दांतांवर दांत ठेवून बोले. वाचावयास उभा केला कीं पुटपुटे, आणि मी "तोंड उघडून वाच" म्हणून दरडावीत असें. दुपारच्या तासाला त्याला हटकून डुलकी लागे. त्याबद्दल मीं त्याला कितीदां तरी बाकावर उभें केलें. डबा खातांना तो भाकरी ताकांत कुसकरून हळूहळू ओठांतून ओढून घेई. तेंहि मला घाणेरडें वाटे. त्याची आई एकदां भेटावयास आली. "गुरुजी, चार वर्षांचा असतांना ओट्यावरून हनुवटीवर पडला, कानांतून रक्त आलें, तेव्हांपासून याचें तोंड उघडत नाहीं," असें ती सांगत होती. मुलगा मंद आहे म्हणून आई सबब सांगते, अशी मीं समजूत करून घेतली. पुढच्या वर्षीं त्यानें शाळा सोडली. तो कोठें आहे, मला ठाऊक नाहीं.

गेल्या वर्षीं पुतणीच्या पुस्तकांत मला तोच चेहरा दिसला. हनुवटीवर बसलेला मार जबड्याच्या दोन्ही टोकांवर जातो. लहान मुलाच्या सांध्याचें डोकें मऊ व रक्तानें भरलेलें असतें. तें चेंगरलें, आंत रक्त साखळलें आणि जबडा न हलवितां राहिला, तर त्या रक्ताच्या जागीं हाड तयार होऊन डोकें कवटीला जुळून जातें. तोंड उघडेनासें होतें. वाढीची कूर्चा गेली म्हणजे खालच्या जबड्याची वाढ खुंटते, हनुवटी मागें राहते आणि वरचा चेहरा वाढतच जातो. एकाच बाजूचा सांधा जखडला तर हनुवटी त्या बाजूला वळते. जबडा मागें असला कीं जीभहि मागें. मूल निजलें कीं ती श्वासाची वाट अडविते. रात्रभर तें घुसमटून जागें होतें आणि दिवसां पेंगतें. मीं ज्याला आळस म्हणालों तो रात्रीं श्वास न मिळण्याचा परिणाम असला पाहिजे. अशा मुलांचा सांधा शस्त्रक्रियेनें सोडवितां येतो. बरगडीच्या कूर्चेचा तुकडा बसवून नवें डोकेंहि करतात. हाड कापून दोन तुकडे हळूहळू दूर नेत मधली जागा नव्या हाडानें भरूं देण्याची रीत रशियांत इलिझारोव्ह यांनीं पायांसाठीं काढली होती; ती १९९२ सालीं न्यूयॉर्कमध्यें मॅकार्थी यांनीं मुलांच्या खालच्या जबड्यावर यशस्वी करून दाखविली. एखादा दंतवैद्य गांठून द्यावयास माझें काय गेलें असतें!

वाढ पुरी झाली म्हणजे हा व्यवहार संपतो असें नाहीं. मस्तकांतील एका ग्रंथीचा वाढीचा रस प्रौढपणीं फाजील पाझरूं लागला तर हातापायांचीं लांब हाडें लांब होत नाहींत, पण खालचा जबडा पुढें येऊं लागतो, कारण त्याच्या डोक्यावरील कूर्चा पुन्हां जागी होते. या रोगाला १८८६ सालीं फ्रान्समधील प्येर मारी यांनीं नांव दिलें. याच्या उलटहि घडतें. १९५७ सालीं ट्राउनर व ओब्वेगेझर यांनीं जबड्याचें मागचें हाड उभें चिरून हनुवटी पुढें आणण्याची शस्त्रक्रिया इंग्रजी वाचकांपुढें ठेवली, आणि ती पुढें जगभर रूढ झाली. परंतु लांबोडा चेहरा, मागें गेलेली हनुवटी आणि मुळांतच लहान डोकें असलेल्या कांहीं तरुण स्त्रियांत ही शस्त्रक्रिया झाल्यावर तें डोकें झिजूं लागतें आणि हनुवटी पुन्हां मागें सरकते. म्हणून चेहरा बदलण्यापूर्वीं शल्यवैद्य सांधा तपासून घेतात. माझ्यासारख्या दांत गेलेल्यांचा उंचवटाहि कालांतरानें झिजून सपाट होतो, असें पुष्कळांना आढळलें आहे.

येथें कोणी आरसा घेऊन बसण्यापूर्वीं दोन शब्द. वर सांगितलेले फरक सरासरीचे आहेत. लांबोड्या चेहऱ्याच्या शंभर जणांत भरदार डोक्याचेहि निघतात. चेहरा पाहून सांधा ओळखतां येत नाहीं, मग स्वभाव कोठून ओळखावयाचा? पुढें आलेली हनुवटी म्हणजे निश्चय आणि आंत गेलेली म्हणजे दुबळेपणा, हें सामुद्रिक शाळेच्या शिक्षकखोलींत मीं पुष्कळ ऐकलें आहे आणि ऐकविलेंहि आहे. तसेंच तोंड उघडतांना कानाजवळ नुसतें 'कट्' वाजतें म्हणून घाबरूं नये. ज्यांना कसलाहि त्रास नाहीं अशा लोकांच्या सांध्यांचीं चित्रें घेतलीं तेव्हां सुमारें एक तृतीयांश लोकांची चकती जागेवरून सरकलेली आढळली. दुखत नसेल आणि तोंड पुरतें उघडत असेल, तर आवाजावर बहुधा उपाय करावा लागत नाहीं. माझा स्वतःचा उजवा सांधा वाजतो. दंतवैद्यानें तो तसाच राहूं दिला.

लहान मूल हनुवटीवर आपटलें तर मात्र हनुवटीची जखम शिवून थांबूं नये. कानापुढें सूज असेल, कानांतून रक्त आलें असेल किंवा दांत पूर्वींसारखे मिटत नसतील, तर क्ष-किरणचित्र काढून घ्यावें. डोकें मोडलें असलें तरी लहान मुलांत तें बहुधा आपोआप सुधारतें. वैद्य जबडा फार दिवस बांधून ठेवीत नाहींत आणि तोंड उघडण्याचा व्यायाम लौकर सुरू करावयास सांगतात. तो रडें आलें तरी करवून घ्यावा. पुतणीनें सांगितलेली घरगुती परीक्षा अशी: दर महिन्याला मुलाचींच तीन बोटें, एकाखालीं एक, त्याच्या वरच्या व खालच्या पुढच्या दांतांमध्यें घालून पाहावीं. तिन्ही मावत असतील तर ठीक. तिसरें बोट अडूं लागलें, तर त्याच आठवड्यांत दवाखाना गांठावा.